गंजीफ्रॉक, पिको आणि आईचं पोलकं

मराठीत एक गंमत आहे, बघा. कोष्टी मागावर लुगडं विणतो, आजी दोन सुयांवर स्वेटर विणते, सुगरण घरटं विणते आणि कोळी जाळं विणतो. चारही ठिकाणी क्रियापद एकच. शब्द एक असला की आपल्याला वाटतं, कामही एकच असणार. पण लुगडं आणि स्वेटर यांचं नातं चुलत तर सोडाच, लांबच्या ओळखीचंही नाही. हा फरक नीट कळायला मला वयाची पन्नाशी गाठावी लागली, आणि तीही सौंदडला, माहेरच्या ओसरीवर, भावजयीच्या शिलाई मशीनसमोर बसून.

ज्यांना सौंदड माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे नातेवाईक सोडून बाकी सगळ्यांसाठी!) : गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. जिल्हा १९९९ मध्ये झाला, त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्यातले. साकोलीहून देवरीकडे जाणारा हमरस्ता गावातून जातो आणि गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर आमचं स्टेशन आहे. चुलबंद नदी, धानाच्या बांध्या, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडया आणि दंडारी. अशा गावात शिलाईचं काम म्हणजे पोलकी, परकर, शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत साड्यांना फॉल-पिको. होजिअरीचं कापड, म्हणजे ज्याचे बनियन आणि टी-शर्ट होतात ते ताणलं की ताणणारं कापड, इथे कोणी शिवायला घेत नाही. "ते कंपनीचं काम," असं म्हणून परत करतात. का बरं? त्याचा शोध घेताना जे हाती लागलं ते आज लिहिते आहे.

आधी कापडाकडे पाहू. मागावरच्या कापडात दोन प्रकारचे धागे असतात, उभा ताणा आणि आडवा बाणा. दोन्ही सरळ, एकमेकांना काटकोनात. म्हणून धोतर उभं ताणा, आडवं ताणा, ते फारसं ताणत नाही. तिरपं ओढलं तरच थोडं देतं, आणि त्या तिरक्या चालीलाच आपले शिंपी उरेब म्हणतात. होजिअरीच्या कापडात सरळ धागा नसतोच. एकच सूत फासा घालत जातं, त्या फाशातून पुढचा फासा, त्यातून पुढचा. फासा ओढला की तो लांबट होतो, सोडला की पुन्हा गोल. कापड ताणतं ते सूत रबरासारखं असतं म्हणून नव्हे, फाशाचा आकार बदलतो म्हणून. (पुढे १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने खरंच रबरासारखा धागा केला, त्यालाच आपण लायक्रा म्हणतो. आजच्या पुष्कळ होजिअरी कापडात तो शेकडा पाच-सात भाग असतो.) पण एक फासा तुटला की खालचे फासे एकेक करून सुटत जातात. जुन्या बनियनला भोक पडून त्याची शिडी कशी होते ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता या कापडाची आपल्याकडची नावं पाहा. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं बनियनला 'गंजीफ्रॉक' म्हणत. उच्चार 'गंजीफराक'. मला तो शब्द अस्सल झाडीपट्टीचा वाटायचा! इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या खाडीत दोन बेटं आहेत, जर्सी आणि गर्न्सी. दोन्हीकडे लोकरीचं हातविणकाम जुनं. गर्न्सीचा विणलेला अंगरखा खलाशी घालत, त्याला गर्न्सी फ्रॉक म्हणत. तोच आपला गंजीफ्रॉक आणि बंगाल्यांची 'गेंजी'. दुसऱ्या बेटाचं नाव जर्सी म्हणून राहिलं, क्रिकेटवाल्यांच्या अंगावर आणि कापडाच्या व्यापारात. आणि 'बनियन' तर आपलाच 'वाणी', बनिया. गुजराती व्यापाऱ्यांच्या नावावरून इंग्रजांनी सैल अंगरख्याला 'बॅनियन' म्हटलं आणि तो शब्द पुढे आतल्या कपड्याचं नाव होऊन आपल्याकडे परत आला. एका साध्या आतल्या कपड्याच्या नावामागे किती बोटींचा प्रवास!

या विणकामाचं यंत्र मात्र शिलाई मशीनच्या अडीचशे वर्षं आधी आलं. १५८९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणायचा माग तयार केला. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं. हातविणकामावर पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, असं ती म्हणाली, अशी कथा सांगतात. ली बिचारा फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. त्याला ही कल्पना सुचली कशी, याचीही एक आख्यायिका आहे. त्याचं जिच्यावर मन होतं ती बाई सतत विणत बसायची, याच्याकडे मान वर करून बघायची नाही, म्हणून त्याने यंत्र बनवलं! खरंखोटं देव जाणे. पण ही कथा लक्षात ठेवा, पुढे तिची बहीण भेटणार आहे.

आपल्याकडे होजिअरीचा पहिला कारखाना १८९३ मध्ये कोलकात्याच्या खिदिरपूर भागात निघाला असं सांगतात. तमिळनाडूतल्या तिरुपूरला ही यंत्रं १९२० च्या दशकात पोचली, तिथून परदेशी माल जायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली, आणि आज होजिअरीच्या निर्यातीत देशात तिरुपूरचाच नंबर पहिला. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट समान आहे. हे कापड कारखान्यात विणलं गेलं आणि कारखान्यातच शिवलं गेलं. गावच्या शिंप्याच्या हातात ते कधी आलंच नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलचं (सुरुवात १८७७) कापड वारावर किंवा मीटरवर मापून गावात येई. होजिअरीचं कापड आजही ठोक बाजारात किलोवर विकतात! गांधीबागेत पहिल्यांदा दुकानदाराने "कितना किलो?" असं विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तो दुसऱ्या कोणाला तर विचारत नाही ना. हिशेब सोपा आहे. चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं कापड असेल तर एका किलोत साडेपाच चौरस मीटर येतं. पण आमच्या शिंप्याच्या टेपवर किलो कुठून असणार!

आणि नुसत्या मापाचाच प्रश्न नव्हता. आपली सगळी शिवणकला न ताणणाऱ्या कापडावर उभी आहे. अंग हलतं, वाकतं, हात वर जातो, मांडी घातली जाते. कापड हलत नाही. म्हणून त्याला जागा द्यावी लागते. जागा देण्याच्या किती युक्त्या आपल्या लोकांनी काढल्या पाहा. बंडीच्या बगलेत चौकोनी तुकडा. पायजम्याच्या दोन पायांच्या मध्ये तसाच तुकडा. झग्याला कळ्या. परकराला चुण्या. सलवारीला घेर. चोळीला उरेब कापलेले तुकडे, आणि पुढे पोलक्याला टक्स आणि कटोरी. छाती ३६ असेल तर शिंपी कापड ३८ धरतो, हे दोन इंच श्वासाचे. थोडक्यात, आपल्या शिवणकामात जागा कापणाऱ्याच्या कात्रीत असते. होजिअरीत ती कापडातच असते. त्यामुळे तिथे कात्रीला उलटं वागावं लागतं. छाती ३६ तर कापड ३४! ज्याने आयुष्यभर श्वासासाठी दोन इंच सोडले त्या माणसाला दोन इंच कमी काप म्हणणं म्हणजे अधर्मच की.

आता मी या भानगडीत का पडले ते सांगते. नात्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा डावा हात गेला. बोलणं शाबूत, डोकं तर आधीपेक्षा तल्लख, पण हात खांद्यापासून लोंबतो. माझ्या आईने आम्हा भावंडांचे सगळे कपडे स्वतः शिवले. झबल्यांपासून ते माझ्या कॉलेजच्या पंजाबी ड्रेसपर्यंत. स्वतःची पोलकी तर तिने कधी परक्या हाती दिली नाहीत. आता तीच पोलकी तिला घालता येईनात. फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं होतं की कपडा घालताना आधी दुबळा हात घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. गाऊनला हे जमतं. पण बेतशीर पोलक्यात एक हात घातल्यावर पाठीवरून ओढून दुसरा हात मागे न्यायचा असतो, तिथे सुती कापड अडून बसतं. रोज सकाळी भावजय आणि आई, दोघींचीही परीक्षा. खांदा दुखला की आई डोळे मिटून घ्यायची, बोलायची काही नाही. गाऊन घालून राहा म्हटलं तर म्हणे, "आलं-गेलं माणूस येते, गाऊनात बसू काय?" ज्या बाईने साठ वर्षं नऊवारी-सहावारी नेसली तिचा तो हट्ट नव्हता. ती तिची ओळख होती.

तेव्हा सुचलं की पोलकंच ताणणाऱ्या कापडाचं शिवलं तर? बाजारात तयार मिळतात म्हणा, पण ती तरुण मुलींच्या बेताची. आखूड, घट्ट, डोक्यातून घालायची. आईला हवं ते समोरून उघडणारं, कोपरापर्यंत बाहीचं, तिच्या पद्धतीचं.

घरात दोन मशीनं आहेत. एक आईचं, काळं, पायडलचं 'उषा'. (कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात ही मशीनं काढली आणि घराघरात पोचवली. त्याआधी राज्य होतं ते सिंगरचं. हिंदुस्थानातला सिंगरचा धंदा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कैक वर्षं सांभाळला.) दुसरं भावजयीचं, फॉल-पिकोचं. ती साकोलीकडची, बोलायला मोकळी आणि हाताला सफाई.

आम्ही आधी चिंध्यांवर तपासून पाहायचं ठरवलं. काळ्या मशीनवर दोन तुकड्यांना सरळ टीप मारली. दिसायला सुरेख. भावजयीने दोन्ही टोकं धरून ताणली. कट्ट!

"ताई, पाहा बरं. कापड हाय तसंच हाय, शिवन तुटली ना."

मग कळलं की कापडात जागा आहे पण दोऱ्यात नाही. सरळ टीपेत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात आणि रेषेसारखे सरळ धावतात. दहा इंचांची शिवण ताणून चौदा इंच झाली तर चार इंच दोरा आणायचा कुठून? एलियास हौने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं ते मशीन सरळ धाग्याच्या कापडासाठी जन्मलेलं होतं. फाशांच्या कापडाचा विचार तिथे नव्हता.

इथे त्या आख्यायिकेची बहीण भेटते. गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते असं आपण म्हणतो, पण एका यंत्राला त्यांनी आवर्जून सूट दिली होती, शिलाई मशीनला. नोव्हेंबर १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी झालेला त्यांचा संवाद छापून आला. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालून कष्टताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे मशीन केलं, म्हणून ते यंत्र माणुसकीचं, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९३६ पासून गांधीजी आमच्या विदर्भातच, सेवाग्रामला राहिले. मुद्दा मला अगदी पटतो. गोष्ट मात्र पटत नाही. सिंगर मूळचा नाटकवाला, संसार एकाहून अधिक, आणि मशीन त्याने केलं ते धंद्यासाठी. बायकोचे कष्ट पाहून मशीन सुचल्याची गोष्ट हौबद्दलही सांगतात. गंमत बघा, लीच्या गोष्टीत विणणारी बाई, सिंगरच्या गोष्टीत शिवणारी बाई. बाई काम करते, पुरुष बघतो, यंत्र जन्मतं. आणि बाईचं नाव कोणीच सांगत नाही.

म्हणून पुढची गोष्ट सापडली तेव्हा मला फार आनंद झाला. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथल्या पोर्टलंड शहरात हेलन ब्लँचर्ड नावाची बाई होती. वडील जहाजांचे मालक, पण धंदा बुडाला. घर अडचणीत आलं तेव्हा हेलनने यंत्रातलं आपलं डोकं चालवलं. पेटंटची फी भरायला पैसे उसने घेतले. १८७३ मध्ये तिने नागमोडी टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट मिळवलं. आज ज्याला झिगझॅग म्हणतात तो हाच. पुढे १८८१ मध्ये तिने फिलाडेल्फियात स्वतःची कंपनी काढली, आणि आयुष्यभरात तिच्या नावावर अठ्ठावीस पेटंटं जमा झाली. आपल्या शिवणाच्या क्लासात हिचं नाव घेताना तुम्ही कोणी ऐकलं आहे का? मी तरी नाही.

नागमोडी टाक्याचं गणित शाळेतलंच आहे. सुई पुढे २ मिलिमीटर सरकताना बाजूला ३ मिलिमीटर गेली तर तिरका टाका ३.६ मिलिमीटरचा होतो (पायथागोरस आठवा). म्हणजे २ मिलिमीटर कापडाला ३.६ मिलिमीटर दोरा. जास्तीचा दोरा टाक्यातच साठवलेला. कापड ताणलं की नागमोड सरळ होत जाते, दोरा तुटत नाही. कारखान्यात याच कामाला ओव्हरलॉक वापरतात, जी कनेक्टिकटच्या मेरो कुटुंबाने विणलेल्या मालाच्या कडा बांधण्यासाठी काढली. जोसेफ मेरोचं पेटंट १८८९ चं. आपल्याकडचे शिंपी तिलाच 'इंटरलॉक' म्हणतात. ती सौंदडला आमच्या घरात नव्हती.

पण नागमोडी टाका होता! साडीच्या काठाला जो पिको करतात तो दुसरं काय आहे? दाट, अगदी खेटून घातलेला झिगझॅगच. मी भावजयीला म्हटलं, "तुझं पिकोचं मशीन विरळ टाका घालतं का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने टाक्याची लांबी वाढवली, रुंदी कमी केली, वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला आणि एका चिंधीवर शिवण मारली. ताणली. आणखी ताणली. तुटली नाही. पंधरा वर्षं ज्या मशीनवर तिने गावच्या साड्या सांभाळल्या त्याच मशीनच्या पोटात हे कसब बसलेलं होतं.

पुढची कामं एकेक करून सुटत गेली. शिवणाऱ्या मंडळींसाठी इथे टिपून ठेवते.

सुई : नेहमीच्या सुईचं टोक अणकुचीदार असतं, ते सूत कापतं आणि भोकाची शिडी होते. होजिअरीसाठी बोथट, गोल टोकाची सुई मिळते, ती सुताला बाजूला सारून फाशांच्या मधून जाते. नागपूरहून ११ नंबरची आणली.

धुणं : सुती होजिअरी लांबीत आटते. आधी धुवून, सपाट पसरून वाळवायची, मगच कापायची. दोरीवर लटकवली तर स्वतःच्याच वजनाने लांबते.

दिशा : कापड ज्या बाजूला जास्त ताणतं ती बाजू अंगाभोवती आडवी यायला हवी.

कडा : साध्या होजिअरीच्या कापलेल्या कडा गुंडाळतात. वरच्या-खालच्या कडा सुलट्या बाजूकडे आणि बाजूच्या कडा उलट्या बाजूकडे. यावर उपाय आईने सांगितला. भाताची पेज! पेजेची पातळ खळ कडांना लावून वाळवली की कडा पुठ्ठ्यासारख्या आज्ञाधारक होतात, आणि शिवून झाल्यावर धुतलं की खळ निघून जाते. धानाच्या मुलखात पेजेला काय तोटा?

दाब : मशीनच्या पायाचा दाब कमी करायचा, नाहीतर खालचे दात कापड पुढे ढकलताना ते ताणतात आणि शिवणीला लाटा येतात. कापड हाताने ओढायचं नाही, नुसतं सोबत करायची. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली तर कापड भोकात ओढलं जात नाही, पट्टी मागाहून फाडून काढायची.

खांदा : सगळीकडे ताण हवा, खांद्यावर नको, नाहीतर पोलकं उतरत जातं. तिथे शिवणीत सुती फीत घालायची.

आई हे सगळं खाटेवरून बघत होती. सुरुवातीला गप्प. पण मी ३४ वर खूण केली आणि तिला राहवलं नाही.

"काहून व, अंगापेक्षा लहान कापून रायली तू?"

मी समजावलं. तिने उजव्या हाताने कापडाचं टोक धरून मला दुसरं टोक धरायला लावलं, दोनतीनदा ताणून पाहिलं, सोडून पाहिलं. कापड किती देतं ते बोटांनी मोजत होती. मग म्हणाली, "दोन इंच नको, दीड इंच कमी धर. मायं अंग आता सुटलं हाय." तिथून पुढे बेत तिचा झाला आणि आम्ही दोघी तिचे हात.

खरी अडचण मात्र शिवून झाल्यावर आली. पोलकं अंगात गेलं, आणि असं गेलं की भावजयीचे डोळे भरून आले. डावा हात, मग पाठीवरून सरकवून उजवा. कुठे अडलं नाही, कुठे दुखलं नाही. समोर वेल्क्रो, म्हणजे आईला एका हाताने लावता यावं, आणि वरून शोभेची बटणं. पण आईने बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे काही पोलकं नोहोय. गंजीफराक होय हे. मानसाच्या आतल्या कपड्याचं पोलकं घालू मी?"

ती चूक बोलत नव्हती. आपल्याकडे हे कापड आलं तेच पुरुषांच्या आतल्या कपड्याचं म्हणून. नाव तेच सांगतं. युरोपातही तसंच होतं. जर्सी बेटावर जन्मलेली लिली लँगट्री ही नटी १८८० च्या सुमारास विणलेला अंगालगतचा पोशाख घालून वावरली तेव्हा त्याची फॅशन झाली खरी, पण खरा बदल केला कोको शानेलने. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांगल्या कापडाची टंचाई होती. तिने पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जाणारं जर्सी कापड घेतलं आणि १९१६ च्या सुमारास त्याचे बायकांचे बाहेरचे पोशाख शिवले. बायका कॉर्सेटमध्ये आवळलेल्या होत्या, त्यांना हातपाय हलवता येतील असे कपडे मिळाले. कापड तेच राहिलं, त्याची जात बदलली.

पण शानेलची कथा सांगून आईची समजूत पटेल अशी माझी तरी छाती नव्हती. उपाय भावजयीनेच काढला. आमचा भंडारा-गोंदियाचा मुलूख कोशाचा. मोहाडी-आंधळगावकडचे कोष्टी कोसा विणतात. आईच्या एका विरलेल्या कोशाच्या साडीचा काठ पेटीत होता. भावजय म्हणाली, "काठ लावून देतो ना आई." आता काठ म्हणजे मागावरचं कापड, ते ताणणार नाही. बाहीला गोल लावला तर बाहीचा ताण गेला आणि आमची सगळी मेहनतही. म्हणून तिने काठ बाहीच्या फक्त बाहेरच्या अर्ध्या भागाला लावला. बगलेकडचा अर्धा भाग मोकळा ठेवला, ताणायला. पदर घेतल्यावर दिसतो तो काठच. ताणा-बाण्याचं कापड आणि फाशांचं कापड एकाच बाहीवर शेजारी बसलं. आईने ते पोलकं घातलं, आणि त्या दिवशी दारावर आलेल्या शेजारणीला स्वतःहून आत बोलावलं.

आता थोडं कडू. या ताणणाऱ्या कापडाने गावच्या शिलाईचं नुकसानही केलं आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वी मुली पंजाबी ड्रेस शिवायला टाकत, म्हणजे कमीज आणि सलवार दोन्ही. मग लेगिंग आली. तिला घेर नको, चुण्या नकोत, नाडी नको, माप नको. तिरुपूरसारख्या ठिकाणाहून पिशवीत बंद होऊन येते. सलवारीची शिलाई गेली. मग कुर्तीही तयार येऊ लागली. पोरांच्या हाफपँटी गेल्या, ट्रॅकपँट आल्या. भावजयीच्या क्लासातल्या अर्ध्याहून अधिक बायकांनी मशीनवर कापड टाकून झाकून ठेवलं आहे. एलिझाबेथ राणीला लीच्या मागाची जी भीती वाटली म्हणतात, ती सव्वाचारशे वर्षांनी सौंदडला खरी झाली असं वाटून जातं.

पण कारखाना एक गोष्ट करत नाही. तो स्मॉल, मीडियम, लार्ज शिवतो. एका बाजूने लुळा हात, सुजलेलं पाऊल, कुबड आलेली पाठ, पिशवी लावलेलं पोट, असा साइज त्याच्याकडे नाही. आणि असं एखादं माणूस आता जवळजवळ प्रत्येक घरात आहे. त्यांना गाऊनात किंवा चादरीत ठेवण्यावाचून लोकांना पर्याय माहीत नसतो. तिथे अंग बघून कापणारा शिंपीच लागतो, फक्त त्याला हे कापड शिवता यायला हवं. कापडातली जागा आणि कात्रीतली जागा, दोन्ही जाणणारा.

भावजयीकडे आईचं पोलकं बघून आतापर्यंत तिघीजणी येऊन गेल्या. एकीच्या सासूसाठी पोलकं, एकीच्या नवऱ्यासाठी बगलेपासून उघडणारा सदरा, आणि एक आजी स्वतःच चालत आली, हात दोन्ही धड, पण हुक लावायला बोटं वळत नाहीत म्हणून. भावजयीने शिलाई किती घ्यावी यावर घरात बरीच चर्चा झाली. आई म्हणाली, पोलक्याची घेतेस तीच घे, वर पेजेचे पैसे लावू नको. सध्या तोच दर आहे. क्लासातल्या दोन बायकांनी मशीनवरचं झाकण काढलं आहे आणि त्या चिंध्यांवर विरळ पिको गिरवत आहेत. मी पुढच्या खेपेला येताना गोल टोकाच्या सुयांची पाकिटं आणि गांधीबागेतून चार किलो कापड आणायचं कबूल केलं आहे. रंग आईने सांगितले आहेत, मोरपंखी आणि वांगी. पांढरा अजिबात नको म्हणे, तो गंजीफराकाचा.